ईसीजीचा वरचा कागद दुमडून ठेवा

आमच्याकडे नवीन इंटर्न आले की पहिल्याच दिवशी मी त्यांना एक बारीकसं काम शिकवतो. ईसीजीची पट्टी मशीनमधून बाहेर आली की तिचा वरचा भाग मागे दुमडायचा. तिथे मशीननं स्वतःचं निदान छापलेलं असतं, ते वाचायचं नाही. आधी आपण रेट, ऱ्हिदम, ॲक्सिस आणि एसटी (प्रत्येक ठोक्याच्या रेघेतला एक तुकडा) बघायचं, जे वाटेल ते पेनानं पट्टीवरच लिहायचं आणि मग घडी उलगडायची. पोरं हसतात. सर जुन्या वळणाचे आहेत, असं आपसात म्हणतही असतील. पण मी रोज एआय वापरतो आणि त्यातलं जे काही मला जमलंय, ते या घडीपासून सुरू झालंय. एमबीबीएस संपवून आता कामाला लागताय, म्हणून हे लिहितोय.

घडीची गोष्ट आधी सांगतो. मी हाउस ऑफिसर होतो. रात्री दोनच्या सुमाराला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. पोटात वर जळजळ, ‘पित्त झालंय’ हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. ईसीजी काढला, वर छापून आलं, नॉर्मल. मी पॅन्टोप्राझोल, म्हणजे पित्ताची गोळी, लिहायला घेतलं. सिस्टर म्हणाल्या, “सर, माणूस घामानं भिजलाय. परत काढू का?” वीस मिनिटांनी काढलेल्या पट्टीत लीड टू, थ्री आणि एव्हीएफ या रेघांमध्ये एसटी वर चढलेली. हार्ट अटॅक, हृदयाच्या खालच्या भिंतीचा. सकाळी पहिली पट्टी पुन्हा हातात घेतली, तर एव्हीएल या दुसऱ्या रेघेत एसटी किंचित खाली गेलेली तेव्हाच दिसत होती. रात्री मी तिकडे पाहिलंच नव्हतं. ‘नॉर्मल’ हा शब्द वाचल्यावर डोळे शोधायचे थांबले होते.

त्या मशीनमध्ये आजच्या अर्थानं एआय नव्हता. संगणकाकडून ईसीजी वाचून घ्यायचे प्रयत्न १९६०च्या सुमाराचे आहेत आणि ती मशीनं ठरवून दिलेल्या नियमांवर चालायची. पण माणसाचा स्वभाव तोच. छापील उत्तर समोर आलं की आपण त्याच्या बाजूनं पुरावे गोळा करायला लागतो. याला ऑटोमेशन बायस म्हणतात. अनुभवी डॉक्टरांचंही तसंच होतं. पोलंडमधल्या चार केंद्रांवर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेटच्या गॅस्ट्रोच्या नियतकालिकात आला. एआय येण्याआधी ते २८.४ टक्के तपासण्यांमध्ये ॲडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) पकडत होते. एआयची सवय लागल्यानंतर, ज्या तपासण्यांत तो बंद होता, तिथे हा आकडा २२.४ टक्क्यांवर आला. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, कारणं आणखीही असू शकतील. तरी तो वाचून मी घडीचा नियम आणखी कडक केला.

आता टीबीचा एक्स-रे. तुमच्यापैकी बहुतेकांची एआयशी कामातली पहिली गाठ इथेच पडेल. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या टीबीच्या १०० दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशीनं गावोगावच्या शिबिरांत फिरली. फिल्म निघाली की सॉफ्टवेअर एक स्कोअर देतं आणि छातीच्या चित्रावर संशयाची जागा रंगवून दाखवतं. मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी याच कामासाठी जगभर ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये अशा सॉफ्टवेअरला, माणसाच्या वाचनाला पर्याय म्हणून, मान्यता दिली. पण ती १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. शिबिरात कोणी सहा वर्षांचं पोर मशीनपुढे उभं केलं, तर त्या स्कोअरवर विसंबू नका.

स्कोअर म्हणजे निदान, असं समजून एका इंटर्ननं एका आजोबांना टीबीचं औषध सुरू करायची तयारी केली होती. आजोबांना पंधरा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलेला. फुप्फुसाच्या वरच्या भागात जुने व्रण होते आणि सॉफ्टवेअरनं तेच रंगवले होते. खडी क्रशरवर आयुष्य काढलेल्यांच्या फुप्फुसांतही असंच होतं. स्कोअर जास्त आला की थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या टेस्टला पाठवायची. (ट्रूनॅट गोव्याच्या कंपनीचं मशीन, बॅटरीवर चालतं, लाइट गेली तरी अडत नाही.) औषध कधी सुरू करायचं, ते त्यानंतर ठरतं.

पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याच्या) तासाला आपण सगळेच पेंगलेलो असतो. त्या तासातलं एक गणित मात्र आता रोज लागतं. समजा, शिबिरात १००० माणसं आली आणि त्यातल्या १० जणांना खरोखर आजार आहे. सॉफ्टवेअरची सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसं पकडायची ताकद) ९० टक्के, स्पेसिफिसिटीही (निरोग्यांना निरोगी म्हणायची ताकद) ९० टक्के. दहातले ९ ते पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या ९९ जणांनाही ते संशयित म्हणेल. एकूण १०८ संशयित, त्यात खरे ९. म्हणजे बारामागे एक. तेच सॉफ्टवेअर छातीच्या ओपीडीत लावलं, जिथे शंभरातल्या तिसांना आजार आहे, तर खऱ्यांचं प्रमाण एकदम वर जातं. विक्रेता ‘९० टक्के अचूक’ म्हणाला की त्याला विचारा, कुठल्या लोकांत? मला अजून एकानंही सरळ उत्तर दिलेलं नाही.

मोबाईलमधल्या चॅटबॉटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही सगळे तो वापरता आणि आम्हा सिनियरांपासून लपवता.

उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पहाटे साडेपाचला ऊसतोडीच्या टोळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा आला. पोटात कळा, दोन उलट्या. ताप नाही, पोट मऊ. ड्युटीवरच्या इंटर्ननं माझी वाट बघत फोनमध्ये लिहिलं होतं: वय १९, पुरुष, पोटदुखी, उलट्या. उत्तरात आठ निदानं, अपेंडिक्स सगळ्यात वर, शेजारी सोनोग्राफीचा सल्ला. यादीत चूक काही नव्हती, परीक्षेत मार्क पडले असते. मी खाटेजवळ गेलो तर मुलगा डोळे अर्धवट मिटून बोलत होता. झोप अपुरी झाली म्हणावं तर तसंही वाटेना.

“रात्री कुठं झोपला होतास?”

“कोपीत. खालीच.” कोपी म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी.

“काही चावलं?”

“काय नाय चावलं, साहेब.”

वर बघ म्हटलं, तर पापण्या उचलेनात. मान उशीवरून वर येईना. मण्यार. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही, आणि खाली झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. पहाटेची पोटदुखी हे तिचं नेहमीचं सोंग. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट लावली, ती ठीक आली. मण्यारीत ती तशीच येते, विष मज्जातंतूंवर काम करतं. सर्पदंशाच्या लशीच्या १० व्हायल सुरू केल्या आणि आमच्याकडे व्हेंटिलेटर नसल्यानं नळी घालून, अंबू बॅग (हातानं श्वास देायची पिशवी) दाबत त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवलं. आठवड्यानं तो चालत परत आला, टोळीच्या मुकादमाबरोबर, दाखला मागायला.

त्याच दिवशी दुपारी मी इंटर्नला फोन काढायला लावला. त्याच ॲपमध्ये दोन ओळी वाढवल्या: रात्री जमिनीवर झोपला होता, दोन्ही पापण्या पडल्या आहेत, राहणार महाराष्ट्र. मण्यारीचा दंश पहिल्या क्रमांकावर आला, सोबत लस आणि श्वासावर लक्ष ठेवायचा सल्ला. ॲपला माहीत होतं, आपण सांगितलं नव्हतं. आणि काय सांगायचं ते रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून चॅटबॉटचा माझा नियमही ईसीजीसारखाच आहे. हिस्टरी पूर्ण, तपासणी पूर्ण, आपली तीन निदानं केसपेपरवर लिहिलेली, आणि मग फोन. तेव्हाही ‘काय असेल’ हे विचारू नका. ‘माझी ही तीन निदानं आहेत, मी काय विसरतोय?’ असं विचारा. उत्तराचा दर्जा बदलतो.

औषधांच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेतो. आपल्याकडच्या ब्रँडची नावं एकमेकांसारखी, एका गोळीत तीन-तीन औषधं. एका ब्रँडचं घटकद्रव्य मला बॉटनं छातीठोकपणे चुकीचं सांगितलंय. स्ट्रिपवर छापलेलं वाचा. किडनीच्या रुग्णाचा डोस स्वतः काढा. आणि बॉटनं संदर्भ म्हणून एखादा शोधनिबंध दिला, तर तो पबमेडवर (शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) आहे का ते बघा. कधी कधी लेखक खरे असतात, निबंध नसतो.

बोलणं ऐकून आपोआप केसपेपर लिहिणारी साधनं शहरातल्या रुग्णालयांत यायला लागली आहेत. मी एक वापरून पाहिलं. एका मावशींनी नवऱ्याबद्दल सांगितलं, “त्यांच्या अंगावरून वारं गेलं.” इंग्रजी नोटमध्ये आलं, रुग्णाला गॅसेसचा त्रास. माणसाला अर्धांगवायू झालेला! ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘ती बाहेरची आहे’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कसनुसं होतंय’, यातलं काही त्या साधनाला सरळ कळलं नाही. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे नकार. ‘छातीत दुखत नाय’ यातला ‘नाय’ पंख्याच्या आवाजात गळतो आणि केसपेपरवर छातीदुखी नोंदली जाते. सही करण्याआधी किमान सगळे ‘आहे’ आणि ‘नाही’ तपासा.

उलट दिशेनं, म्हणजे डिस्चार्ज कार्डाचं मराठी करायला, मला एआयचा भरपूर उपयोग होतो. वेळ खरोखर वाचतो. फक्त पहिला मसुदा असा येतो: ‘द्रवपदार्थांचे सेवन मर्यादित ठेवावे.’ हार्ट फेल्युअरच्या आजीला यातून काय कळणार? मी ते बदलून लिहितो: ‘पाणी, चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं मिळून दिवसाला एक लिटर. एक बाटली भरून ठेवा, काहीही प्यायलात की तेवढं पाणी त्यातून ओता. बाटली संपली की दिवसाचं संपलं.’ लिटरचा आकडा अर्थातच प्रत्येक रुग्णाचा वेगळा.

कायद्याचं थोडक्यात. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एआय रुग्णाला परस्पर सल्ला देऊ शकत नाही, औषध लिहून देऊ शकत नाही. नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकतो. सही तुमची, जबाबदारी तुमची. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झालाय. नाव, मोबाईल नंबर, आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांक दिसत असलेला रिपोर्ट फोटो काढून फुकटच्या ॲपमध्ये टाकणं बंद करा. सीटीच्या फिल्मच्या कोपऱ्यात नाव असतं, तो कोपरा कापायला सगळे विसरतात. मीही विसरलोय.

रेडिओलॉजी (एक्स-रे, स्कॅन वाचायची शाखा) घ्यावी का, असं दरवर्षी कोणी तरी विचारतं. एआयमधले नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. आमच्या तालुक्यात रेडिओलॉजिस्टच्या सोनोग्राफीला आजही तीन दिवसांचं वेटिंग आहे. आवडत असेल तर घ्या.

शेवटचं एक काम. शंभर पानांची एक वही करा. प्रत्येक पानावर तीन रकाने: मला काय वाटलं, मशीन काय म्हणालं, शेवटी काय निघालं. नाव लिहू नका, तारीख आणि केस पुरे. तिसरा रकाना भरायला कधी दोन दिवस लागतात, कधी पेशंट दुसरीकडे जातो आणि तो रिकामाच राहतो. आमच्या वहीतल्या त्या मण्यारीच्या पानावर पहिल्या रकान्यात इंटर्नच्या अक्षरात ‘अपेंडिक्स?’ आहे. त्यानं ते खोडलेलं नाही, मी खोडू दिलं नाही.