गोचीड कळवताय? मग या चुका टाळा

नागपूर आणि आसपासच्या लोकांना सापडलेल्या गोचिडांचे फोटो गेली चार वर्षं माझ्या फोनवर येतात. फुटाळ्यावर कुत्रा फिरवणारे पाठवतात, हिंगण्याकडचे गोपालक पाठवतात, पेंचला जाऊन आलेले पाठवतात. या नोंदी नीट लावून ओळख पटवायला जाणकारांकडे पोचवायच्या, एवढंच आमच्या छोट्या गटाचं काम.

काम छोटं असलं तरी गरजेचं आहे. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा लक्षात आलेला माकडताप 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात निघाला. क्रिमियन-काँगो ताप देशात पहिल्यांदा गुजरातेत सापडला, 2011 मध्ये. दोन्ही आजार गोचिडांमुळे पसरतात. आपल्या भागात नेहमीचे गोचीड कोणते, हे आधी लिहून ठेवलेलं असेल तरच नवा पाहुणा ओळखू येतो. प्रत्येक गोठ्यात आणि प्रत्येक अंगणात सरकारी माणूस कसा पोचणार? तुम्ही मात्र रोज तिथेच असता. म्हणून तुमच्या नोंदीत त्याच त्या चुका दिसल्या की जीव तुटतो.

ठिकाण म्हणजे घरचा पत्ता नव्हे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. मनीषनगरातल्या एका गृहस्थांनी फेब्रुवारीत फोटो पाठवला. काखेत चिकटलेला, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा गोचीड. फोनने आपोआप भरलेलं ठिकाण होतं त्यांची सोसायटी. जाणकारांनी फोटो पाहून सांगितलं की हा हिमाफायसॅलिस कुळातला दिसतो, पिल्लू आहे, आणि याच कुळातली एक जात माकडताप पसरवते. आमची झोप उडाली. दोन रविवार आम्ही पाच जण त्यांच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पांढरं फलालीन गवतावरून ओढत फिरलो. गवतात दबा धरून बसलेला गोचीड कापडाला चिकटतो, म्हणून ही पद्धत. कापडाला कुसळं चिकटली, गोचीड एकही नाही.

शेवटी त्यांच्या घरी चहा घेताना वहिनी सहज बोलून गेल्या, "आम्ही त्याच्या दोन दिवस आधीच तर दोडामार्गहून आलो. बहिणीकडे काजू वेचायला गेलो होतो." गोचीड तिथला होता. त्या गृहस्थांना काही झालं नाही, हे नशीब. पण तिकडच्या आरोग्य केंद्राला जे त्याच दिवशी कळायला हवं होतं, ते दहा दिवसांनी कळलं. आणि नकाशावर मनीषनगरात एक खोटा ठिपका पडला होता, तो खोडायला मलाच बसावं लागलं.

गोचीड डासासारखा चावून उडून जात नाही, कित्येक दिवस रक्त पीत चिकटून राहतो. म्हणून आता माझा पहिला प्रश्न ठरलेला: मागच्या दहा दिवसांत कुठे कुठे गेलात? गाय किंवा शेळी असेल तर कोणत्या बाजारातून आणली, कधी आणली? फोनच्या ठिकाणावर माझा विश्वास नाही. गावाचं नाव हाताने लिहा.

चिरडणं, जाळणं, रॉकेल ओतणं

काटोल रस्त्यावरच्या एका गोठ्यात म्हातारेबुवा गाईच्या कानातले गोचीड ओढून दोन नखांमध्ये चिरडत होते. अंगठे लाल झाले होते. मी ओरडलोच. ते म्हणाले, "काऊन घाबरून राह्यले जी? लहानपणापासून असंच करतो." त्यांना दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण क्रिमियन-काँगोचा विषाणू चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातूनही माणसात शिरू शकतो. हाताला बारीकशी चीर असली तरी पुरते.

अंगाला चिकटलेल्यावर रॉकेल, चुना, पेटती अगरबत्ती यांतलं काहीही नको. डिवचलेला गोचीड पोटातलं उलट आपल्या जखमेत सोडू शकतो. घाईच नडते इथे. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून, तोंडापाशी धरा आणि सावकाश सरळ वर ओढा, पिरगाळू नका. मग जागा साबणाने धुवा. माझा चिमटा गाडीच्या डिकीत असतो, छोट्या बाटलीशेजारी.

बाकीच्या

फोटो एकच आणि तोही हातभर अंतरावरून, असं करू नका. पाठ, पोट आणि तोंड असे तीन फोटो हवेत. खाली वहीचा चौकटीचा कागद ठेवा, म्हणजे माप कळतं. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी ओळखणं अवघड जातं, तेव्हा शेजारी चिकटलेले चपटेही टिपा. पायांवर पांढरे पट्टे दिसले, तर ते मुद्दाम लिहा. क्रिमियन-काँगो ताप पसरवणाऱ्या हायलोमा गोचिडाची ती खूण असू शकते.

गोचीड म्हणजे स्क्रब टायफस नव्हे. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात त्या आजाराची साथ आली तेव्हापासून हा गोंधळ सुरू आहे. तो गोचिडामुळे पसरत नाही; तो पसरवणारी चिगर, म्हणजे माइट या बारीक किड्याची अळी, डोळ्याला जेमतेम दिसते.

"मे महिन्यात कसले गोचीड?" असं म्हणू नका. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत मजेत राहतो, आणि कडक उन्हात तो माणसाकडे जास्त वळतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

शोधूनही काही सापडलं नाही, तर तेही कळवा. ती नोंद कुणीच पाठवत नाही, आणि मला तीच हवी असते.

गोचीड फॉर्मलिनमध्ये टाकू नका, पुढे डीएनए तपासणी अवघड होते. सत्तर टक्के अल्कोहोल वापरा. आणि चिठ्ठी बाटलीवर चिकटवू नका, आत टाका, पेन्सिलीने लिहून. अल्कोहोलमध्ये पेनची शाई विरघळते. कळमेश्वरच्या एका आठवीतल्या मुलीने मागच्या पावसाळ्यात पाठवलेली बाटली माझ्यासमोर टेबलावर आहे. आतल्या चिठ्ठीवर चार ओळी: शेळीचा डावा कान. आमचा गोठा. शेळी पोळ्याच्या आधी बाजारातून आणली. आई म्हणते आणखी दोन होते, ते पळाले.