पॉम्पेईच्या भिंतीवरचा देव ओळखायचा कसा

पॉम्पेई या इटलीतल्या प्राचीन रोमन शहराच्या भिंतीचित्रांत देव ओळखताना चेहऱ्यावरून सुरुवात करू नका. संगीताचा देव अपोलो असो, मद्याचा देव बॅकस असो की पुराणकथेतला देखणा तरुण नार्सिसस, पॉम्पेईच्या चित्रकारांनी सगळ्यांना तोच तरुण, बिनदाढीचा चेहरा दिला आहे. आधी हातातले आयुध बघा, मग डोके, मग पाय, शेवटी सोबत कोण आहे ते. दोन खुणा जुळल्याशिवाय नाव घ्यायचे नाही.

देवदूत मर्क्युरीकडे दोन सापांचा वेढा असलेला दंड किंवा पैशांची थैली असते. नुसत्या पंखांच्या पादत्राणांवर विसंबलात तर फसाल, कारण ती पर्सियस या वीराच्याही पायांत असतात. पर्सियस असेल तर त्याच्याजवळ सापांच्या केसांच्या मेडुसा राक्षसीचे मुंडके शोधा. शिरस्त्राण, भाला आणि ढाल युद्धदेव मार्सकडे असते तशी मिनर्व्हा देवीकडेही. पायघोळ वस्त्र आणि छातीवर मेडुसाचा मुखवटा दिसला तर मिनर्व्हा. शस्त्रांशी छोटे क्युपिड (पंखवाली बालके) खेळत असतील आणि शेजारी प्रेमदेवता व्हीनस असेल तर मार्स.

खरा घोटाळा महाबली हर्क्युलिसचा होतो. सिंहाचे कातडे आणि गदा ही त्याची खूण खरी, पण ऑम्फेली राणीच्या चित्रांत दोन्ही तिच्याकडे जातात आणि तो बायकी वस्त्रांत झिंगलेला असतो. इथे अंगाचा रंग कामी येतो: पुरुष तांबूस तपकिरी, स्त्रिया गोऱ्या. बॅकस मात्र बरेचदा उजळ रंगवलेला असतो, तेव्हा त्याच्यासाठी डोक्यावरची द्राक्षाची पाने आणि टोकाला बोंड असलेली काठी पाहावी. पार्श्वभूमीच्या रंगावरून काहीच ठरवू नका; इ. स. 79 च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकातल्या उष्णतेने काही पिवळ्या भिंतीच लाल झाल्या आहेत.

सरावाला पॉम्पेईतल्या व्हेत्तींच्या घरातले, देवांनी शिक्षा केलेल्या इक्झायनचे चित्र उत्तम. डावीकडे चाकाला बांधलेला इक्झायन आणि चाकाजवळ ते घडवणारा लोहारदेव व्हल्कन. पुढे उभा मर्क्युरी. उजवीकडे राजदंड घेऊन बसलेली देवांची राणी जूनो, तिच्यामागे तिची दूत आयरिस. आयरिसच्या डोक्याभोवतीचे तेजोवलय पाहून ख्रिस्ती संत समजू नका. रोमन चित्रकार ते आधीपासून काढत होते.

बरीच चित्रे 18व्या शतकात भिंतीतून कापून नेली गेली आणि आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. तिथे मूळ घर आणि खोली कोणती ते आधी वाचा, कारण समोरासमोरची चित्रे एकमेकांचा अर्थ लावून देतात.

घरातला देव्हारा वेगळा ओळखावा. डोक्यावरून टोगा (रोमन पांघरूण) घेतलेला गेनियस, म्हणजे घरमालकाचा रक्षक आत्मा, मधे, आखूड अंगरख्यातले दोन लार, म्हणजे घराचे रक्षक देव, नाचत बाजूला, आणि खाली वेदीकडे सरपटणारा साप. तिथे पुराणकथा शोधत बसू नका; ते त्या घराचे कुलदैवत आहे.