शवपेटीचं बूड आधी बघा

शवपेट्या करण्यात आणि जुन्या दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. बघायला येणारा माणूस झाकणावरून हात फिरवतो, पॉलिश न्याहाळतो. पेटी मात्र कुजते खालून. म्हणून ती आधी उपडी करा आणि बुडाच्या कडेला, सांध्याजवळ टोच्या (सुताराचं अणकुचीदार हत्यार) मारा. लाकूड निरोगी असेल तर टोच्या अडतो, उचकटलं तर लांब, धागेदार ढलपी निघते. कुजलेलं असेल तर टोच्या मुकाट आत जातो आणि ढलपी खडूसारखी कट्‌कन मोडते. वरचं पॉलिश तेव्हाही चकाकत असतं.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते आणि हवाही लागते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही. इजिप्तमधल्या कोरड्या थडग्यांतल्या पेट्या म्हणूनच हजारो वर्षं टिकल्या. उलट डेन्मार्कमध्ये एग्टवेडला 1921 साली ओकच्या खोडाची पेटी सापडली, ती ओलीचिंब होती. तिचं लाकूड इ.स.पू. 1370 चं. तिथे पाणी होतं, पण हवाच पोचली नाही. चीनमध्ये मावांगदुईला 1972 साली उघडलेल्या थडग्यात एकात एक चार लाखरोगणी पेट्या होत्या, भोवती कोळसा आणि त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा जाड थर. जुन्या लोकांची सारी मेहनत पेटीइतकीच पेटीच्या भोवतालावर होती. धड कोरडं नाही, धड बुडालेलं नाही, अशा जागी कुठलंही लाकूड जातं.

आता कामाला लागू. लाकूड घ्या ते गाभ्याचं: सागवान, ओक, देवदार. सालीकडची पांढरी पट्टी दिसली की ती कापून टाका. झाड कितीही टिकाऊ म्हणून नावाजलेलं असो, ही पट्टी टिकत नाही. लोखंडी खिळे नकोत. ते गंजतात आणि गंजाभोवतीचं लाकूडही सडवतात. लाकडी खुंट्या किंवा पितळी स्क्रू वापरा.

मग बोरॅक्स, म्हणजे टाकणखार. दीड भाग बोरॅक्स, एक भाग बोरिक ॲसिड, गरम पाण्यात साधारण 5 टक्क्यांचं द्रावण. सुटे भाग त्यात बुडवून ठेवा. ब्रशने भागवायचं असेल तर तीन-चार हात द्या. नंतर प्लास्टिकखाली आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवा, म्हणजे ओलीबरोबर औषध आत झिरपतं. पुढे सावलीत नीट वाळवा. बुरशी, भुंगे, वाळवी, तिघांवरही याचा उपयोग होतो. पण बोरॅक्स पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून वरून तेल किंवा रोगण हवंच. जवसाचं उकळलेलं तेल पातळ करून दोन-तीन हात. फळीची टोकं मात्र पिईनाशी होईपर्यंत पाजा. फळीच्या सपाट बाजूपेक्षा टोकातून पाणी कितीतरी जलद आत शिरतं, आणि नेमकी तीच लोक विसरतात. (तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात.) आतल्या सांध्यांना राळ किंवा डांबर भरायची जुनी पद्धत आजही उत्तम. लाकूड वरून जाळून काळं करण्यावर माझा भरवसा नाही. दिसतं छान, इतकंच.

माझी एक फसलेली पेटी सांगतो. घाई होती, लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. मी आतून-बाहेरून पॉलियुरेथेनचे जाड थर चढवले आणि खूश झालो. ओल आतच कोंडली. सहा महिन्यांनी बुडाला टोच्या लावला तर मुठीपर्यंत गेला. तेव्हापासून ओल मोजायच्या मीटरवर 15 टक्के दिसल्याशिवाय रोगणाचा डबा उघडत नाही.

रबरी गॅस्केटच्या हवाबंद धातूच्या पेट्या मिळतात. त्या बाहेरचं पाणी थोपवतात, पण आतलं शरीर टिकवत नाहीत. उलट वायू साचून दाब वाढतो. अमेरिकेत तर पेटीमुळे देह दीर्घकाळ टिकेल असा दावा विक्रेत्याने करण्यावर 1984 पासून बंदी आहे. लांबच्या प्रवासासाठी जस्ताचं अस्तर झाळून बंद करतात, ते काम वेगळं.

लाकूड टिकवणारं तांबं-क्रोम-आर्सेनिकचं मिश्रण भारतीय शास्त्रज्ञ सोंटी कामेशन यांनी 1933 साली शोधलं. खांबांना ते जबरदस्त, पण त्यातलं आर्सेनिक विषारी आहे. पेटीला मी लावत नाही. जी पेटी थेट मातीत जायची, तिला तर कुठलंच औषध नको. तिथे ती विरावी हेच बरं.

तळघरात किंवा थडग्याच्या खोलीत पेटी ठेवायची असेल तर जमिनीला टेकवू नका, भिंतीलाही नको. खाली दगडाचे किंवा विटांचे टेकू द्या, वारा खेळू द्या.

आणि खोदकामात भिजलेली जुनी पेटी हाती लागली, तर उन्हात ठेवण्याचा मोह आवरा. पाण्यानेच तिच्या पोकळ पेशी तोलून धरलेल्या असतात. ते झपाट्याने गेलं की लाकूड आकसून, पिळवटून फुटतं. 1961 साली वर काढलेल्या स्वीडनच्या वासा जहाजावर पॉलिएथिलीन ग्लायकोलचे (पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन) फवारे 17 वर्षं मारले, ते याचसाठी. ओल्या फडक्यांत गुंडाळा, वर प्लास्टिक बांधा आणि संवर्धनाच्या जाणकाराला बोलवा. तोवर दर दिवशी फडकी ओली आहेत का बघत राहा.