हाय लाइनवर गाइडबरोबर फिरताय? या चुका टाळा

गेल्या ऑक्टोबरअखेरीस पुण्याहून आलेल्या मावशी-काकांना मी न्यूयॉर्कची हाय लाइन दाखवायला नेलं. काकांची सगळी नोकरी मध्य रेल्वेत गेली. जुन्या मालगाडीच्या उन्नत मार्गावर केलेली बाग त्यांना गाइडच्या तोंडून ऐकवायची, म्हणून हट्टाने फेरी नोंदवली होती. तरी सुरुवातीलाच चुकलो. त्या दिवसापासून पाहुण्यांना नेण्याआधी काही गोष्टी मी न विसरता तपासते.

चुकीचं टोक

न्यू जर्सीतून येणाऱ्या आपल्या लोकांची ही हमखास होणारी चूक. एडिसनहून ट्रेन पेन स्टेशनला येते, म्हणजे ३४व्या रस्त्याला. हाय लाइनचं उत्तर टोकही ३४व्या रस्त्यालाच, त्यामुळे पाय आपोआप पश्चिमेकडे वळतात. आमचेही वळले. आमची फेरी मात्र दक्षिण टोकाहून, गॅन्सव्होर्ट स्ट्रीटवरून निघणार होती. ही बाग लांबट आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत २.३३ किलोमीटर. ‘हाय लाइनला भेटू’ एवढ्याने काहीच ठरत नाही. नोंदणीच्या मेलमध्ये भेटण्याचा नेमका रस्ता कोणता, ते आदल्या रात्री वाचा. गॅन्सव्होर्ट असेल तर पेन स्टेशनवरूनच ए, सी किंवा ई सबवेने १४व्या रस्त्याला उतरा आणि तिथून चालत जा. त्या भागात आकड्यांचे सरळ रस्ते संपून तिरपे, नावांचे रस्ते सुरू होतात. तिथे व्हिटनी म्युझियमची खूण धरा, जिना त्याच्या शेजारीच आहे.

आणि उशीर झालाच तर? फेरी गेली म्हणून घरी परतू नका. वर चालायची वाट एकच आहे. दक्षिणेहून निघालेला गट १४व्या रस्त्यावरून जाणारच. आम्ही १४व्या रस्त्याच्या लिफ्टने वर गेलो आणि जिथे जमिनीवरून पाण्याचा पातळ थर वाहतो तिथे थांबलो. थोड्या वेळात आमचा गट समोरून आला. पाऊस असेल तर फेरी रद्दही होऊ शकते, म्हणून निघण्याआधी सकाळी वेबसाइट पाहायची.

ऐनवेळी कानात भाषांतर

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. गाइड इंग्रजीत बोलतो, आपण मावशींच्या कानात मराठीत सांगत राहतो. तोवर त्याची पुढची दोन वाक्यं निघून जातात, मागच्यांनाही त्रास होतो. १७व्या रस्त्याजवळ खाली दहाव्या अव्हेन्यूची वाहतूक दिसेल अशी पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे. तिथे गाड्यांच्या आवाजात आधीच काही ऐकू येत नाही.

त्यापेक्षा सगळी गोष्ट ट्रेनमध्येच सांगून टाका. दहाव्या अव्हेन्यूवर पूर्वी मालगाड्या भर रस्त्यातून धावत. इतकी माणसं मेली, की लोक त्या रस्त्याला ‘डेथ अव्हेन्यू’ म्हणू लागले. गाडीपुढे घोडेस्वार निशाण दाखवत चालायचे. मग १९३४ साली हा मार्ग जमिनीपासून साधारण ९ मीटर उंचीवर सुरू झाला आणि रूळ थेट कारखान्यांच्या इमारतींतून गेले. आजचं चेल्सी मार्केट म्हणजे त्यातलाच बिस्किटांचा कारखाना. शेवटची गाडी १९८० साली गेली, गोठवलेल्या टर्की घेऊन. नंतर वर गवत माजलं, पाडून टाकायची तयारी झाली. १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोन रहिवाशांनी मार्ग वाचवण्यासाठी संस्था काढली. बागेचा पहिला टप्पा २००९ मध्ये उघडला. एवढं आधीच कानावर पडलं असेल तर गाइडने नुसतं बोट दाखवलं तरी मावशींना कळतं.

नजर फक्त वर

काचेच्या उंच इमारतींचे फोटो काढण्यात अर्धा गट मागे राहतो. ही बाग पायाशी पाहायची असते. झाडांमध्ये दिसणारे रूळ जुनेच आहेत. काम सुरू करताना ते क्रमांक घालून काढले आणि पुन्हा बसवले. काकांनी वाकून ते पाहिले तेव्हा गाइडही थांबला.

झाडांबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज असतो. रेल्वे बंद पडल्यावर आपोआप उगवलेली ती हीच झाडं, असं वाटतं. तसं नाही. ते रान काढून, नवी माती घालून डच बागरचनाकार पीट औडॉल्फ यांनी योजलेली लागवड केली आहे. आपोआप उगवलेलं राखलं आहे ते उत्तरेला, ३०व्या रस्त्यापलीकडे. काकांना वाळलेलं गवत, काळी पडलेली बोंडं दिसली आणि ‘निगा राखत नाहीत’ असं ते म्हणाले. गाइडने समजावलं, की हे हिवाळाभर मुद्दाम उभं ठेवतात आणि मार्चमध्ये स्वयंसेवकांना घेऊन छाटतात. असे प्रश्न मनात ठेवू नका, विचाराच.

बारीकसारीक

स्वच्छतागृह गॅन्सव्होर्टला आणि १६व्या रस्त्याला आहे, फेरीआधी जाऊन या. लिफ्ट गॅन्सव्होर्ट, १४, २३ आणि ३० या रस्त्यांना. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आकडे लिहूनच ठेवावेत, कारण मधे इतर ठिकाणी उतरायला जिनेच आहेत. उन्हाळ्यात सावली कमी, थंडीत हडसनवरून बोचरा वारा. कुत्रा किंवा सायकल आणता येत नाही. बारीक टाचेची चप्पल फळ्यांच्या फटीत अडकते.

फेरी मधेच संपली तर लगेच खाली उतरू नका, उत्तरेकडे चालत राहा. ३०व्या रस्त्यानंतर वाट नदीकडे वळते आणि खाली लॉंग आयलंड रेल्वेचं यार्ड दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा खाली गाड्या रांगेने उभ्या होत्या. काकांनी कठडा धरला आणि डबे मोजायला सुरुवात केली. मावशींनी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, आणि आम्ही तिथल्याच बाकावर बसलो.