अचोली भागात कामाला जाताय? हापशाची पहिली दुरुस्ती जपून

बचत गट, ग्रामसभा, शिवारफेरी हे सगळं करून आलेल्या माणसाला उत्तर युगांडातली, अचोली लोकांची, गुलू-किटगुमकडची गावं पहिल्या आठवड्यात ओळखीची वाटतात. तूर पिकते, तीळ पिकतो. मलाक्वांग नावाची आंबट पालेभाजी पानात येते, ती अंबाडीच्याच कुळातली आणि तिच्यात वाटलेले शेंगदाणे. गावातला हापसा तर माहेरचाच. जालना आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी घडवलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क टू’ झाला, तोच युगांडात ‘यू-टू’ म्हणून बसवतात. मला याचं फार कौतुक वाटलं होतं. गावाला काडीचं वाटलं नाही, त्यांना पाण्याशी मतलब.

आता मुद्द्याचं. तुम्ही तिथे असताना हापसा पहिल्यांदा बिघडेल. बहुतेक वेळा सिलिंडरमधले वॉशर झिजलेले असतात किंवा वरची साखळी तुटलेली असते. खर्च तुमच्या प्रकल्पाच्या मानाने किरकोळ. बायका पुन्हा ओढ्याकाठच्या उघड्या झऱ्यावर जायला लागतात, पोरांना जुलाब सुरू होतात, आणि किरकोळ खर्चाचे पैसे तुमच्या कपाटात पडून असतात. तुम्ही ते काढून देता. त्या दिवसापासून हापसा तुमचा.

हे मी ताणून सांगतेय, कारण मी याच खड्ड्यात पडले आणि बाहेर यायला पुढचा अख्खा कोरडा हंगाम गेला. पहिला परिणाम पाणी समितीवर होतो. घरटी महिन्याला हजार-दोन हजार शिलिंग गोळा करणाऱ्या खजिनदार बाईला लोक विचारतात, संस्था देतेय तर आम्ही कशाला द्यायचं? तिच्याकडे उत्तर नसतं. ज्यांनी आधी इमानाने भरले, ते आपले पैसे परत मागतात, आणि त्यांचं चूकही नसतं. मग मिस्त्री समितीकडे न जाता बिल घेऊन थेट तुमच्या ऑफिसात येतो. पुढच्या बिघाडाला फोन येतो, तोही ‘तुमचा हापसा बंद पडलाय’ असा. पैसे न देता वॉशर दिले, मिस्त्रीचं बोडा-बोडाचं, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचं, भाडं दिलं, ‘उसने’ म्हणून दिले, तरी फरक पडत नाही. सगळे प्रकार करून झालेत. उसने कधीच परत येत नाहीत.

यावर ‘लोकांना फुकटाची सवय लागलीय’ असं म्हणणारे जुने कार्यकर्ते तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडून काही शिकू नका. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर फौज आणि सरकार यांच्यातल्या युद्धात अचोलींपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक गाव सोडून छावण्यांत राहत होते. ऑगस्ट २००६ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत माणसं आपापल्या जमिनीवर परतली. छावणीत धान्य जागतिक अन्न कार्यक्रमाच्या रेशनकार्डावर, पाणी कुठल्यातरी संस्थेच्या बोअरचं. शेतावर जायचं तर जिवाची भीती. ज्यांचं बालपण तिथे गेलं त्यांना संस्थेने बिल भरणं स्वाभाविक वाटतं. तुम्ही येऊन वर्गणी मागता, ते त्यांना विचित्र वाटतं.

मग करायचं काय? हापसा बसायच्या आधी तालुक्याच्या, म्हणजे तिथल्या सब-काउंटीच्या, हापसा-मिस्त्रीला गाठा. माझं मत पक्कं आहे: फ्लिपचार्ट घेऊन कंपालाहून येणाऱ्या सल्लागारापेक्षा हा माणूस दहापट मोलाचा गुरू. कुठल्या गावची समिती नुसती कागदावर आहे, कुठला अध्यक्ष पैसे खातो, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्यासोबत जिल्ह्याच्या गावी दुकानात जा, सुट्या भागांचे भाव लिहून घ्या आणि ते भाव गावच्या बैठकीत मोठ्याने वाचा. ‘देखभाल-खर्च’ म्हटलं की सगळे माना डोलावतात. साखळीचा भाव ऐकला की भांडण सुरू होतं. ते भांडण हवंच. म्हाताऱ्या, विधवा यांना माफी द्यायची का, न भरणाऱ्याचं काय करायचं, हे त्यातच ठरतं. तुम्ही मधे बोलू नका. जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढायचा खेळ हवा तर करा, फोटो छान येतो.

बैठक फक्त एलसी-वन अध्यक्षाच्या, म्हणजे गावच्या परिषदेच्या प्रमुखाच्या, भरवशावर लावू नका. र्वोत क्वेरीलाही बोलवा. आपल्या इर्जिकीसारख्या सामूहिक शेतकामाचा तो प्रमुख, आणि कामाला कोण येतं, कोण दांडी मारतं, हे त्याच्या तोंडपाठ असतं. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. मयत असेल तर बैठक विसरा आणि स्वतः मयतीला जा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, नाहीतर माझं ऐकून नको तिथे कडक व्हाल. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतंय, लोखंडाची चव लागतेय, कपडे पिवळे पडताहेत, तर आतले जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजलेत. आम्लधर्मी भूजलात हे होणारच, त्यात गावाचा दोष नाही. सगळे पाइप बदलायचा खर्च वर्गणीतून निघत नाही. तिथे ‘तुम्हीच भरा’ म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा. जिल्हा पाणी कार्यालयात खेटे घाला, संस्थेकडून पैसे मागा, भांडा.

आणि ज्यांच्या हातून पैसे आधीच दिले गेलेत त्यांनी घाबरू नये. गाव माफ करतं, पुन्हा बैठक घेता येते. फक्त ‘यापुढे नाही’ हे बिघाड झाल्यावर सांगू नका, हापसा चालू असताना सांगा. लोक आठवडाभर रागावतील. तुम्हाला दुकानदार समजून घासाघीसही करतील, कारण तिथल्या बहुतेकांना माहीत असलेला भारतीय माणूस म्हणजे शहरातला दुकानवाला.

जमलेले पैसे ठेवायचा मला पटलेला मार्ग बचत गटाचा. पेटीला तीन कुलपं, तीन चाव्या तीन बायकांकडे. हापशाचे पैसे त्याच पेटीत, पण वेगळ्या पिशवीत. ते व्याजाने फिरवले तर वाढतातही. वर्षअखेरीला गट सगळी बचत वाटून घेतो, त्याच्या आधीच्या बैठकीला जरूर हजर राहा आणि ती पिशवी सगळ्यांसमोर मोजून बाजूला ठेवायला लावा. नाताळ आणि शाळेची फी एकदम येतात, आणि पिशवी वेगळी काढली नसेल तर जानेवारीत मिस्त्रीला द्यायला काही उरत नाही.