क्रूझवरून रोटोरुआला जाताय? या चुका टाळा

नाशिकहून न्यूझीलंडच्या क्रूझला निघालेल्या काका-काकूंच्या ग्रुपसाठी खास लिहितोय, कारण तौरंगा बंदराला बोट लागली की रोटोरुआचे गरम पाण्याचे झरे बघायचेच असतात, आणि बघाच, जागा जबरदस्त आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाकडी पायवाट सोडणं. आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात पाय सोडून बसायची सवय, त्यामुळे निळंशार पाणी दिसलं की हात आपोआप खाली जातो, पण इथलं पाणी कितीतरी ठिकाणी अक्षरशः उकळत असतं आणि काठची पांढरी कोरडी जमीन म्हणजे वरचा नुसता पापुद्रा, खाली वाफ नाहीतर उकळता चिखल. सेल्फीसाठी एक पाऊल मागे, भाजायला तेवढंच पुरतं. नातवंडांचा हात अजिबात सोडू नका.

टूर विकतायत म्हणजे सेफ असणारच, असं धरून चालू नका. 9 डिसेंबर 2019 ला तिथल्या समुद्रातल्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखी फुटला, 22 माणसं गेली, त्यातले बरेच तौरंगाला लागलेल्या क्रूझवरून आलेले होते, आणि ज्वालामुखीच्या धोक्याची अलर्ट लेव्हल तर आदल्या महिन्यातच वाढवून 2 केलेली होती!! जिओनेट या ज्वालामुखी-भूकंपांवर लक्ष ठेवणाऱ्या न्यूझीलंडच्या यंत्रणेच्या साईटवर ही लेव्हल कुणालाही दिसते, बुकिंगआधी बघा, काउंटरवर सरळ विचारा.

मग वेळेचं गणित. रोटोरुआ एका बाजूने तासाभराहून जास्त, वाय-ओ-तापू हे गरम झऱ्यांचं पार्क त्याच्याही पुढे, आणि तिथला लेडी नॉक्स गीझर (म्हणजे जमिनीतून उडणारं गरम पाण्याचं कारंजं) रोज सकाळी 10:15 ला साबण टाकून उडवतात, त्यामुळे बोट उशिरा लागली तर त्याचा नाद सोडा आणि रोटोरुआतल्याच ‘ते पुइया’ पार्कात जा, तिथला पोहुतू गीझर दिवसातून अनेकदा आपणहून उडतो. स्वतः टॅक्सी करून गेलात आणि ट्रॅफिकमध्ये अडकलात तर बोट थांबत नाही, बोटीच्या टूरची बस लेट झाली तर थांबतात. पैसे जास्त जातात, तरी मी बोटीचीच टूर घ्या म्हणेन.

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, दमा असेल तर पंप खिशातच हवा. चांदीचे पैंजण-जोडवी काळी पडतात. गीझरचे तुषार लेन्सवर, चष्म्यावर वाळू देऊ नका, सिलिकाचे डाग नंतर निघत नाहीत, लगेच पुसा. आणि फळं, लाडू, चिवडा बोटीवरच ठेवून उतरा, नियम कडक आहेत, जाहीर न करता असलं काही नेलं तर 400 न्यूझीलंड डॉलर दंड बसू शकतो.