एका मापाचे दोनशे बोल्ट कापायचे, तर आधी फिक्स्चर बनवा

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरातल्या नौका वर ओढल्या जातात, फळ्या बदलतात, इंजिनाचा बेड उघडतो, आणि रत्नागिरीत आमच्यासारख्या वर्कशॉपवाल्यांकडे बोल्टांची मागणी एकदम येते. बाजारात एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट ८०, ९०, १००, ११०, १२० मिलिमीटर अशा लांबीत मिळतो. पण फळी, आतला वासा आणि दोन वॉशर मिळून जी जाडी होते ती या आकड्यांना जुमानत नाही. तिला ९२ लागतो. मग १०० चा आणायचा आणि ८ मिलिमीटर उडवायचे, दोनशे वेळा.

एक बोल्ट कापणं कुणालाही जमतं. दोनशे बोल्ट एका मापात कापायचे तर माप घेण्याचं काम माणसाच्या हातातून काढून लोखंडात बसवावं लागतं. फिक्स्चर म्हणजे तेच, प्रत्येक नग त्याच जागी पकडून ठेवणारा साचा. व्हर्नियर लागतो तो फिक्स्चर बसवताना, आणि मग अधूनमधून तपासायला. पुढे बोल्ट घालणाऱ्याने मापाचा विचारसुद्धा करू नये, असं ते फिक्स्चर हवं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला आठवडा हेच सांगतो, कारण प्रत्येकाचा हात आपोआप मार्कर आणि पट्टीकडे जातो.

दहावीस बोल्टच असतील तर हे सगळं करू नका. बोल्टावर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट करा, नट व्हाइसमध्ये धरा आणि हॅकसॉ चालवा. इंचाला २४ दात्यांचं ब्लेड घ्या. कापून झाल्यावर नट बाहेर काढताना तेच कापलेल्या टोकाचे आटे साफ करत येतात. पन्नासच्या पुढे मात्र फिक्स्चरला घातलेला अर्धा दिवस भरून निघतो, आणि पुढच्या हंगामात तेच परत वापरता येतं.

सुरुवात एका निर्णयाने होते: माप कुठून धरायचं? बोल्टाची लांबी म्हणजे डोक्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत. डोकं त्यात धरत नाहीत. मग फिक्स्चरनेही डोक्याच्या खालच्या बाजूलाच टेकावं. बरेच जण बोल्टाचं टोक स्टॉपरला टेकवतात आणि दुसरीकडून ८ मिलिमीटर कापतात. पण १०० चा म्हणून आलेला प्रत्येक बोल्ट काटेकोर १०० नसतो. मिलिमीटरभर इकडेतिकडे असतोच, आणि तो फरक जसाच्या तसा तुमच्या कापलेल्या मालात उतरतो. डोक्याखाली टेकवलं की मूळ लांबी कितीही असो, उरलेला भाग ९२ च भरतो.

आता बनवायला घेऊ. मी जे वापरतो ते चार बोल्टांचं आहे, आडव्या बँडसॉवर बसणारं. पॉवर हॅकसॉवरही चालतं.

खालचा ठोकळा ॲल्युमिनियमचा, १२० लांब, ४० रुंद, २५ जाड. वरचे दोन तुकडे त्याच धातूचे, प्रत्येकी ५९ लांब, ४० रुंद, २० जाड. ॲल्युमिनियम का, याला दोन कारणं आहेत. ते मऊ असल्यामुळे आट्यांची शेंडी चेपत नाही. दुसरं कारण आमच्या किनाऱ्यावर जास्त महत्त्वाचं आहे. स्टेनलेसचा बोल्ट साध्या लोखंडाच्या जबड्यात दाबून धरला की लोखंडाचे सूक्ष्म कण त्याच्या अंगाला चिकटतात आणि खाऱ्या हवेत तिथून तांबेरा दिसायला लागतो. मालक म्हणतो, तुम्ही खोटं स्टेनलेस दिलंत. त्याच कारणासाठी लोखंडावर वापरलेली कानस, ग्राइंडरचा दगड किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका.

खालच्या ठोकळ्यावर वरचे दोन्ही तुकडे ठेवा, पण मध्ये १ मिलिमीटर जाडीचा पत्रा घाला. सगळं मिळून क्लॅम्पने घट्ट आवळा. आता सांध्याच्या रेषेवर, अर्धं खाली अर्धं वर येईल असं, १२ चं भोक ४० मिलिमीटर रुंदीतून आरपार पाडा. एका टोकापासून १५, ४५, ७५ आणि १०५ वर, अशी चार भोकं. आधी ४ किंवा ५ च्या ड्रिलने वाट करून घ्या, नाहीतर ड्रिल सांध्यात शिरून वाकडं पळतं. मग पत्रा काढून टाका. भोक आता गोल राहिलं नाही, उंचीला १ मिलिमीटर कमी झालं, आणि म्हणूनच बोल्ट पकडतं. ही युक्ती कुठल्याही गोल नगासाठी चालते.

वरच्या प्रत्येक तुकड्याच्या मधोमध, दोन भोकांच्या मध्ये, ९ चं भोक पाडा आणि त्यातून एम ८ चा ॲलन बोल्ट घाला. तो खालच्या ठोकळ्यातून आरपार जाऊन तळाच्या १२ मिलिमीटर लोखंडी प्लेटमध्ये आट्यांत बसू दे. प्लेटमध्ये ६.८ चं ड्रिल मारून एम ८ चा टॅप फिरवा. आटे ॲल्युमिनियममध्ये पाडू नका. दिवसाला शंभरदा आवळलं-सोडलं की ते खराब होतात. खालचा ठोकळा प्लेटवर वेगळ्या दोन स्क्रूंनी कायमचा बसवा.

वरचा तुकडा एकच लांब का नाही, असं प्रत्येक जण विचारतो. कारण बोल्टांची जाडी सारखी नसते. एम १२ ची दांडी १२ च्या किंचित खालीच येते, कधी ११.९, कधी ११.८. एकाच कडक पट्टीखाली चार बोल्ट दाबले तर जाडे दोन पकडले जातात आणि बारीक सैल राहतात. सैल बोल्ट ब्लेडबरोबर फिरतो, दाते तुटतात. एका स्क्रूखाली दोनच बोल्ट असले की तुकडा मध्यावर थोडा कलतो आणि दोघांवर सारखा दाब पडतो. म्हणून एक स्क्रू, दोन बोल्ट. जास्त बोल्ट कापायचे असतील तर अशा जोड्या वाढवा, पट्टी लांब करू नका. कलायला जागा राहावी म्हणून ॲलन बोल्टाखाली थोडी फुगीर वॉशर घाला, ग्राइंडरवर कड उतरवली तरी पुरे.

राहिलं माप. बोल्ट मागच्या बाजूने घालायचा, डोकं मागे, टोक पुढे. ठोकळ्याची रुंदी ४०. ब्लेड ठोकळ्याच्या पुढच्या तोंडापासून २ मिलिमीटरवर चालतं. ब्लेड जितकं पकडीच्या जवळ तितका बोल्ट थरथरत नाही. म्हणजे ४२ झाले, आणि ९२ साठी ५० उरले. ते ५० डोकं आणि ठोकळा यांच्यामध्ये नळीच्या तुकड्याने भरायचे. १३ च्या आतल्या भोकाची नळी लेथवर बरोबर ५० ला कापा, दोन्ही तोंडं गुण्यात, म्हणजे काटकोनात, घ्या. नळी बोल्टावर चढवा, बोल्ट फिक्स्चरमध्ये घाला, डोकं पुढे दाबून धरा, स्क्रू आवळा. उद्या ८६ चा बोल्ट हवा तर ४४ ची नळी. फिक्स्चरला हात लावायचा नाही. नळ्याही शक्यतो स्टेनलेसच्या किंवा पितळेच्या करा.

नळीच्या दोन्ही तोंडांच्या कडा नीट उतरवा, आतून आणि बाहेरून. बोल्टाचं डोकं आणि दांडी जिथे मिळतात तिथे छोटी गोलाई असते. नळीची आतली कड त्या गोलाईवर चढली तर डोकं पूर्ण टेकत नाही. आणि बाहेरची कड उतरवलेली असली की कापताना निघालेला एखादा धातूचा कीस तिथे सरकून पडतो, मध्ये अडकत नाही. लांबी चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हा कीसच असतो. चार बोल्ट काढले की रंगाच्या ब्रशने तोंडं झाडायची, मगच पुढचे घालायचे. हवेचा पाइप मारू नका, तो कीस डोळ्यात जातो आणि सांध्यात खोल बसतो.

तळाच्या प्लेटखाली २५ ची चपटी पट्टी उभी वेल्ड करा. बँडसॉच्या व्हाइसमध्ये तीच धरायची. पट्टीच्या एका टोकाला आडवा तुकडा जोडा, जो व्हाइसच्या बाजूला येऊन टेकेल. त्यामुळे फिक्स्चर काढून परत लावलं तरी ब्लेडपासूनचं ते २ मिलिमीटर अंतर तेच राहतं. पहिल्यांदा बसवताना अंतर मोजत बसू नका. एक बोल्ट कापा, बोल्टच मोजा, आणि जो फरक दिसेल तेवढा तो आडवा तुकडा कानस मारून किंवा पत्रा लावून सरकवा. माप बरोबर आलं की तुकडा पक्का करा.

कापताना स्टेनलेसचा स्वभाव लक्षात ठेवा. ते घासलं की कडक होतं. ब्लेड नुसतं वरून सरकत राहिलं तर तिथला थर इतका कडक होतो की नंतर दातेच जातात. म्हणून वेग कमी, मिनिटाला २५ ते ३० मीटर, आणि दाब सतत. चार बोल्ट एकाच वेळी कापले जातात तेव्हा दाब चौघांत वाटला जातो, हे विसरून एका बोल्टाच्या दाबाने चालवलं की नेमकं घासणं सुरू होतं. आर्मचं वजन किंवा स्प्रिंग त्या हिशोबाने बदला. बायमेटल ब्लेड, इंचाला १४ दात्यांचं, आणि कूलंट, म्हणजे ब्लेड थंड ठेवणारं पाणी, सोडलेला. कीस गुंडाळी होऊन येत असेल तर सगळं ठीक आहे. भुकटी येत असेल तर दाब वाढवा.

१४ इंची चॉप सॉवर, म्हणजे घासून कापणाऱ्या चकतीच्या मशीनवर, हे काम झटपट होतं, आणि बरेच जण तसंच करतात. मी स्टेनलेसला करत नाही. टोक निळं-जांभळं पडतं, आणि तो रंग आला की त्या जागेची गंज रोखायची ताकद कमी झालेली असते. समुद्रात जाणाऱ्या बोल्टाला ते चालणार नाही.

बोल्ट कुठला घ्यायचा, हेही इथेच सांगतो. डोक्यावर ए२ लिहिलेला म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६ च्या. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्याने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना तेच अडवतं. नौकेला ए४ घ्या. खूप तांडेल, म्हणजे नौका चालवणारे, चुंबक लावून पारख करतात. त्याने ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखू येत नाहीत, आणि थंड ठोकून डोकं बनवलेला अस्सल बोल्टही चुंबकाला थोडा चिकटतो. डोक्यावरची खूण वाचा.

कापलेल्या टोकाची कड उतरवायला वेगळा छोटा ठोकळा करा. त्यात ४५ अंशांत १२.५ चं भोक, आणि तो ग्राइंडरच्या टेकूवर क्लॅम्प केलेला. बोल्ट आत सारून हाताने एक फेरा दिला की कड सगळीकडे सारखी उतरते. टेकू आणि दगड यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. ठोकळा लोखंडीच हवा. ॲल्युमिनियमचा चुकून दगडाला लागला तर दगड भरून जातो, आणि भरलेला दगड तापून फुटू शकतो. बोल्ट इथे फक्त हाताने सारायचा असतो, दाबून धरायचा नसतो, त्यामुळे आत पितळेची बुश ठोकली की लोखंड लागण्याचा प्रश्न मिटतो.

सुकाणूच्या आणि कपलिंगच्या बोल्टांना स्प्लिट पिनचं, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालायच्या दुपाखी पिनेचं, भोकही लागतं. एम १२ ला ३.२ चं, एम १० ला २.५ चं, एम १६ ला ४ चं. ते सेंटर पंच मारून करू पाहणाऱ्याचं ड्रिल गोल अंगावरून हमखास घसरतं. इथेही जिग, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा, हवी, आणि इथेही माप डोक्याखालूनच. जिगमध्ये १२.१ चं भोक, त्यावर काटकोनात ओएचएनएस पोलादाची, म्हणजे तेलात बुडवून कडक करता येणाऱ्या पोलादाची, बुश, ज्यातून ड्रिल जाईल. बुशला लालबुंद करून तेलात बुडवा, मग २०० अंशांच्या आसपास परत तापवून पिवळसर रंगावर आणा, नाहीतर काचेसारखी तडकते. बुशचं खालचं तोंड बोल्टापासून ३ मिलिमीटरभर वर ठेवा, कारण स्टेनलेसचा लांब कीस तिथून बाहेर पडायला वाट हवी.

आणि ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथे, भोकाच्या तळाशी, ५ रुंद आणि २ खोल खाच डोक्याकडून थेट टोकापर्यंत लांबवर काढा. ड्रिल बाहेर येताना खाली बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, उभी राहते. खाच नसेल तर ती बर बोल्टाला जिगमध्येच अडकवते आणि हातोडी मारून काढावा लागतो. त्यात आटे जातात.

कोबाल्टचं ड्रिल, १३५ अंशांच्या टोकाचं, मिनिटाला १२०० ते १५०० फेरे. दाब सोडायचा नाही, मध्येच थांबायचं नाही. कटिंग ऑइल नसेल तर हाताने टॅप मारायला आणि असल्या छोट्या भोकाला खोबरेल चालतं, पण काम संपल्यावर पुसून टाका, राहिलं तर चिकट होऊन बसतं. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नका. डोळ्यांना चष्मा हवाच.

दर पंचवीस बोल्टांनंतर एक काढून मोजा, आणि त्यावर वॉशर व नट चढवून बघा. नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. एम १२ चा आटा १.७५ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ४ ते ५ मिलिमीटर. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. स्टेनलेसवर स्टेनलेस जोर लावून फिरवलं तर आटे एकमेकांत वेल्ड झाल्यासारखे धरतात. मग नट कापूनच काढावा लागतो. म्हणून नौकेवर बसवताना अँटीसीझ, म्हणजे आटे धरू न देणारं वंगण, लावा, आणि देताना मालकालाही सांगा.

पावसाळ्यात इथे काहीही उघडं ठेवलं की रात्रीत गंजतं. काम झालं की फिक्स्चर सोडा, प्लेट आणि ॲल्युमिनियम यांच्यामधला कूलंट पुसा. दोन वेगळे धातू आणि खारा ओलावा एकत्र राहिला की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं. दोघांच्या मध्ये ग्रीसचा थर ठेवा. प्लेटवर नंबर पंचाने ‘एम १२ – नळी अधिक ४२’ असं ठोका. नळ्यांवर त्यांचं माप ठोका, सगळ्या एका तारेत ओवा आणि तार फिक्स्चरलाच बांधून ठेवा.